थंडावा हवा, पण किती? घरच्या भाजीसाठी शीतकक्षाची निवड



कुरुंदवाड परिसरात वांगी, टोमॅटो, काकडी संध्याकाळी तोडायची आणि पहाटे जयसिंगपूर, सांगली किंवा कोल्हापूरच्या बाजारात न्यायची, हा अनेकांचा क्रम आहे. एप्रिल-मे महिन्यांत एका रात्रीत वांग्याची चकाकी जाते, देठ सुकतो आणि वजन घटते. समजा, १०० किलोमागे ५ किलो घट आली, तर त्या ५ किलोंसाठी घातलेले खत, पाणी आणि तोडणीची मजुरी आपल्याच अंगावर पडते. मग घरी मोठा फ्रीज घ्यावा की विटांचा शीतकक्ष बांधावा, असा प्रश्न पडतो. याचे उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून आहे : माल कोणता, हवा किती कोरडी आणि पाणी कसे.

माल ओळखा

जितके जास्त थंड तितके चांगले, ही समजूत बरोबर नाही. दूध, मेथी, पालक, कोबी, फ्लॉवर यांना कमी तापमान मानवते. वांगी, काकडी यांना मात्र १० ते १२ अंश सेल्सिअस तापमान योग्य असते, तर हिरव्या पक्व टोमॅटोला १२ ते १५ अंश. घरच्या फ्रीजमध्ये साधारण ४ अंश तापमान असते. तेथे काही दिवस राहिलेल्या वांग्यावर खड्डे पडतात, आतील बिया काळ्या पडतात. टोमॅटो नीट रंगत नाही व चव जाते. यालाच शीत-इजा म्हणतात. केळीलाही १३ अंशांच्या खाली अशी इजा होऊन साल काळवंडते.

द्राक्षाचे उदाहरण पाहा. ताजे घड ० अंशाच्या आसपास उत्तम टिकतात. परंतु त्याच द्राक्षाची वाइन साठवताना १२ ते १३ अंश राखतात. शहरात त्यासाठी वाइन कूलर नावाचे वेगळे लहान कपाट मिळते, ते याच कारणाने. मालानुसार कपाट निवडावे लागते.

शीतकक्ष कसा काम करतो?

माठातील पाणी ज्या तत्त्वाने गार होते, तेच तत्त्व येथे आहे. १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. याचा उपयोग करून १९८० च्या दशकात नवी दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत एस. के. रॉय आणि डी. एस. खुर्डिया यांनी शून्य ऊर्जा शीतकक्ष विकसित केला. त्याला वीज लागत नाही. आतील हवा दमट राहत असल्याने मालाचे वजन कमी घटते, हा त्याचा मोठा फायदा होय.

हवा तपासा

बांधण्यापूर्वी एक सोपी चाचणी करावी. दोन साधे थर्मामीटर घ्यावेत. एकाच्या फुग्याला ओले सुती कापड गुंडाळून दोन्ही सावलीत, वाऱ्याला टांगावेत. पंधरा मिनिटांनी दोन्ही वाचावेत. ओला थर्मामीटर दाखवील, त्याच्या जवळपासच शीतकक्ष गार होऊ शकतो; त्याखाली नाही. हवा ३८ अंश व आर्द्रता २५ टक्के असेल, तर ओला थर्मामीटर सुमारे २२ अंश दाखवितो. म्हणजे १० ते १५ अंशांचा फरक मिळू शकतो. पावसाळ्यात २७ अंश व ९० टक्के आर्द्रतेला हा फरक जेमतेम दीड अंश उरतो. म्हणून मार्च ते मे हा शीतकक्षाचा खरा हंगाम. जुलै-ऑगस्टमध्ये त्यावर विसंबू नये. माल तोडून लगेच बाजारात पाठवावा.

बांधणी

सुमारे १०० किलो मालासाठी १६५ सें.मी. लांब व ११५ सें.मी. रुंद विटांचा तळ करावा. त्यावर ६७.५ सें.मी. उंचीची दुहेरी भिंत रचावी. दोन भिंतींमध्ये ७.५ सें.मी. अंतर ठेवून त्यात नदीची धुतलेली वाळू भरावी. साधारण ४०० विटा लागतात. वर बांबू व गवताची ताटी झाकण म्हणून ठेवावी आणि संपूर्ण कक्षावर सावलीचे छप्पर घालावे. भिंती, वाळू व ताटी सकाळ-संध्याकाळ पाणी मारून ओल्या ठेवाव्यात.

पाणी व जागा

शिरोळ तालुक्यात क्षारपड जमिनी आहेत. खारे पाणी वापरल्यास विटांवर पांढरा थर चढतो, छिद्रे बुजतात आणि गारवा कमी होतो. त्यामुळे गोडे पाणी वापरावे. जागा वाऱ्याची व उंचावर असावी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांचा अनुभव लक्षात घेऊन नदीकडेच्या मळीत कक्ष बांधू नये.

वापरताना

* माल सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर तोडावा. उन्हात तापलेला माल आधी सावलीत गार करावा.
* डाग पडलेली, किडकी फळे निवडून काढावीत. दमट हवेत कूज झपाट्याने पसरते.
* प्लॅस्टिकचे क्रेट वापरावेत. बांबूच्या बुट्टीला बुरशी लागते.
* मालावर थेट पाणी मारू नये.
* पिकलेली केळी व टोमॅटो यांच्याजवळ काकडी व पालेभाजी ठेवू नये. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने ती पिवळी पडतात.

थोडक्यात, दूध आणि घरापुरती पालेभाजी यांसाठी फ्रीज योग्य. उन्हाळ्यात बाजाराच्या वांगी, टोमॅटो, काकडीसाठी विटांचा शीतकक्ष योग्य. शीतकक्षाने माल महिनाभर टिकणार नाही. परंतु पडत्या भावात त्याच दिवशी विकण्याची सक्ती टळून दोन-चार दिवसांची सवड मिळते. शेतकरी बंधूंनी खर्च करण्यापूर्वी दोन थर्मामीटरची चाचणी अवश्य घ्यावी आणि मगच निर्णय करावा.