आजोबांची कड कापा, मागचे अंगण राखा

घरातले वडीलधारे माणूस गेले की भिंतीवर लावायला त्याचा एकट्याचा फोटो सापडत नाही. सापडतो तो कुठल्या तरी लग्नातला, पाहुण्यांच्या गर्दीतला. तो घेऊन आपण पालघर किंवा बोईसरला स्टुडिओत जातो, नाहीतर घरचा मुलगाच संगणकावर बसतो. चेहरा सुटा होतो खरा. पण टोपी उंदराने कुरतडल्यासारखी दिसते आणि भोवती पांढरी रेघ उरते. असे का होते?

संगणकातला फोटो बारीक ठिपक्यांचा असतो. कडेच्या ठिपक्यांत माणसाचा आणि मागच्या भिंतीचा रंग मिसळलेला असतो. बरोबर कडेवरून कापले की भिंतीचा रंगही सोबत येतो. म्हणून निवडीची रेघ १-२ ठिपके आतून घ्यावी आणि कड किंचित मऊ करावी.

रोपाच्या बुडाशी आपण हातानेच बेणतो, घाई करत नाही. इथेही तसेच. चित्र दोनतीन पट मोठे करून पाहावे. टोपी, खांदा यांना कडक कडेचा खोडरबर चालतो. केस आणि मिशांना लहान, मऊ घ्यावा. शेवटी खाली गडद रंग ठेवून पाहावे, राहिलेले डाग लगेच दिसतात.

त्याहून बरे, खोडूच नये. फुकट मिळणाऱ्या ‘गिंप’मध्ये आणि विकतच्या ‘फोटोशॉप’मध्येही ‘मास्क’ची सोय आहे. मास्कवर काळा रंग फिरवला की भाग झाकतो, पांढरा फिरवला की परत दिसतो. कापलेले चित्र पीएनजी प्रकारात ठेवावे. जेपीजीमध्ये मोकळी जागा मोकळी राहत नाही.

आता मुख्य गोष्ट. तारापूर अणुवीज केंद्राच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्या २००५-०६ मध्ये सुरू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. तिथल्या कुटुंबाच्या जुन्या फोटोत आजोबांच्या मागे ओटा असेल, तुळस असेल, तर ती नुसती ‘मागची बाजू’ नव्हे. ते घर आहे.

म्हणून आधी मूळ फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करून दोन ठिकाणी जपा. कापाकापी प्रतीवरच करा. आजोबा भिंतीवर एकटे शोभतील. पण नातवाने घर कुठे होते असे विचारले, तर दाखवायला अंगण हवे.