मौखिक साहित्याचे ध्वनिमुद्रण : मायक्रोफोनचे स्थान व पृष्ठसंपर्क

गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. तथापि या दोन्ही वनजिल्ह्यांचे भाषिक नाते अखंड राहिले. झाडीबोली, गोंडी व माडिया या येथील प्रमुख बोली होत. 2011च्या जनगणनेनुसार देशात गोंडी भाषकांची संख्या सुमारे 29 लाख 84 हजार असली, तरी या भाषेतील गीते व कथा प्रामुख्याने मौखिक परंपरेनेच टिकून आहेत. त्यामुळे वृद्ध गायकाचे ध्वनिमुद्रण हाच अभ्यासकाचा मूळ दस्तऐवज ठरतो. तो सदोष निघाल्यास पुन्हा संधी मिळेलच असे नाही.

या संदर्भात अंतराचा विचार प्रथम करावा लागतो. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाल्यास ध्वनीची पातळी सुमारे 6 डेसिबलने घटते. रातकिड्यांचा आवाज मात्र तेवढाच राहतो. म्हणून मायक्रोफोन मुखापासून सुमारे 20 सेंटीमीटरवर, किंचित बाजूला ठेवावा. त्यामुळे ‘प’, ‘फ’ उच्चारतानाचा श्वास थेट त्यावर आदळत नाही.

दुसरा प्रश्न परावर्तनाचा आहे. टेबलावरील स्टँडवर मायक्रोफोन असल्यास आवाज त्याच्याकडे थेट आणि टेबलावरून परावर्तित होऊन, अशा दोन मार्गांनी येतो. या मार्गांत 50 सेंटीमीटरचा फरक असल्यास 343, 1029, 1715 हर्ट्झ या वारंवारतांना दोन्ही तरंग परस्परांना क्षीण करतात. स्वरांची ओळख पटविणारे घटक बहुतांशी याच पट्ट्यात असतात. मायक्रोफोन कठीण, रुंद पृष्ठभागाला अगदी लगटून ठेवल्यास हा फरक जवळजवळ नाहीसा होतो व ध्वनिदाब दुप्पट होतो. सीमापृष्ठ मायक्रोफोन याच तत्त्वावर कार्य करतो.

परंतु पृष्ठसंपर्काबरोबर कंपनेही येतात. मुसळाचे घाव, पावलांची धडधड, बाकाचा हादरा हे सारे घन पदार्थातून थेट मायक्रोफोनपर्यंत पोहोचते. यावर साधा उपाय म्हणजे घडी घातलेली घोंगडी फळीखाली अंथरणे. ती फळी व मायक्रोफोन यांच्यामध्ये ठेवल्यास मात्र कठीण पृष्ठभागाचा लाभ हरपतो. फळी लहान असल्यास खर्जातील ध्वनींना हा लाभ मिळत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

अशा प्रकारे क्षीण झालेला ध्वनी संगणकीय संस्काराने पूर्णतः परत मिळविता येत नाही. म्हणून प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत मायक्रोफोनचे अंतर, उंची व आधारपृष्ठ यांची नोंद ठेवणे आवश्यक आहे. त्या नोंदीमुळे पुढील अभ्यासकास उच्चाराचे वैशिष्ट्य आणि यंत्राचा दोष यांतील भेद ओळखणे सुकर होईल.