माशाने दिलेला डाव

मैत्रिणींनो, व्हिडिओ गेममधला मासा कधी नीट पाहिलाय? ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा जपानच्या निन्टेंडो कंपनीचा १९८५चा गेम. त्यातला मिशीवाला मारिओ पूल ओलांडायला लागला की खालून गोलमटोल लाल मासे भराभर उड्या मारतात. त्यांचं नाव चीप-चीप. छोट्या मारिओला नुसता धक्का लागला तरी खेळ खलास! १९८८मध्ये आलेल्या तिसऱ्या भागात तर ‘बॉस बास’ नावाचा भलामोठा मासा आहे. तो मारिओच्या मागे मागे पोहत येतो, आ वासून उडी घेतो आणि त्याला अख्खा गिळतो.

माझं माहेर नांदेडचं. नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत एका घरी टीव्हीला जोडायचा गेम आला. पिवळी कॅसेट, दोन रिमोट. मूळ कंपनीचा नव्हे, बाजारात स्वस्तात मिळायची ती नक्कल. उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतली सगळी लेकरं तिथंच. पहिला रिमोट कायम पोरांच्या हातात, आम्ही मुली मागे सतरंजीवर. “तुम्हाला नाही जमायचं,” हे ठरलेलं!

पण या गेमचा एक नियम फार चांगला. दोघांनी खेळायचं तर आळीपाळीनं. पहिला मेला की दुसऱ्याचा डाव आपोआप सुरू. कुणाची परवानगी लागत नाही. त्यामुळे चुलतभाऊ पुलावर पोचला की आम्ही मनातल्या मनात माशालाच म्हणायचो, “चाव रे बाबा एकदाचा!” तो मेला की दुसरा रिमोट आमचा. मागे बसून बसून मासे कधी उडतात, कुठं थांबायचं, कुठं पळायचं, सगळं पाठ झालेलं. पूल आम्हीही ओलांडला.

लग्नानंतर लातूरला आले. आता बचत गटाच्या कामानं घरोघरी जाणं होतं. पिवळ्या कॅसेटी गेल्या, मोबाइल आले. पहिला डाव मात्र अजून मुलाचाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं, २०१९-२१मध्ये देशातल्या सुमारे ५४ टक्के बायकांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता.

गटातल्या एका ताईंच्या घरी एकच फोन. दहावीतल्या लेकीला त्यावर गणिताचा धडा बघायचा होता. भाऊ गेममध्ये गुंग. “थांब, मेलो की देतो.” पण या गेममध्ये मेलं की लगेच पुन्हा सुरू! डाव बदलतच नाही. शेवटी ताईंनीच फोन हातात घेतला अन् वेळ ठरवून दिली. संध्याकाळी एक तास लेकीचा, मग अर्धा तास लेकाचा. दोन दिवस आदळआपट झाली, तिसऱ्या दिवशी सवय लागली.

मुलगी हुशार आहे की नाही, हे डाव मिळाल्याशिवाय कळणार कसं? तेव्हा आज स्वयंपाक आटोपला की घरातल्या फोनच्या वेळा कागदावर लिहा आणि भिंतीवर चिकटवा. आणि हो, त्यात अर्धा तास स्वतःच्या नावावर लिहायला विसरू नका बरं का!