गिअरबॉक्सचे तेल आणि बंद इंजिन

ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समधील तेल सकाळी, गाडी थंड आणि बंद असताना मोजावे, हा सल्ला इंजिन ऑइलपुरता बरोबर आहे. गिअरबॉक्सला तो लावणे सरळ चूक आहे, तरी तो पुन्हा पुन्हा दिला जातो. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समधला पंप इंजिनाबरोबर फिरतो आणि कन्व्हर्टर, झडपा, कूलरच्या नळ्या यांत तेल खेळते ठेवतो. इंजिन थांबले की त्यातले काही तेल खाली चेंबरमध्ये उतरते आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. तेल कमी असलेली गाडीही मग भरलेली भासते. म्हणून बहुतेक गाड्यांत ही पातळी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, इंजिन चालू ठेवूनच पाहायची असते.

तापमानाचेही तसेच. 7 लिटर तेल 20 अंशांवरून 80 अंशांवर गेले की पाव लिटरहून अधिक फुगते. निफाडच्या डिसेंबरातल्या पहाटेची पातळी आणि नुकत्याच कसारा घाट चढून आलेल्या गाडीची पातळी एकच कशी येईल? होंडाच्या अनेक जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत मात्र इंजिन तापवून, बंद करून 60 ते 90 सेकंदांच्या आत मोजायचे असते. तेव्हा शेवटचा शब्द त्या त्या गाडीच्या मॅन्युअलचाच.

हल्लीच्या बहुतेक गिअरबॉक्सना डिपस्टिकच नसते. गाडी लिफ्टवर आडवी समपातळीत धरून, स्कॅनरवर तेलाचे तापमान पाहत ओव्हरफ्लो प्लग उघडावा लागतो. हे घरच्या पार्किंगमधले काम नव्हे.

‘ऑटोमॅटिक’ म्हणजे एकच यंत्र, हाही भ्रम आहे. नाशिकच्या महिंद्रा कारखान्यातल्या ऑटोमॅटिक थारमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे. तिथेच बनलेल्या एक्सयूव्ही 300 मध्ये एएमटीही मिळे. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवते. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतोच.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समधले तेल जळत नाही. पातळी उतरली तर गळती शोधावी. थोडे जास्त भरलेले बरे, हेही खोटे: फिरत्या भागांनी घुसळून त्याला फेस येतो आणि तेलाचा दाब घटतो. लाल रंग मिसळलेला असतो, त्यामुळे लाल दिसणारे प्रत्येक तेल चालत नाही. ‘आयुष्यभराचे तेल’ या शब्दावरही विसंबू नये. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनीच आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा 8 वर्षांनी बदलायला सांगते.