बंद अणुभट्टीलाही वीज लागते

मुळशी तालुक्यातील भरे, पिरंगुट या गावांच्या विद्यार्थ्यांना मुळशीचे धरण परिचयाचे आहे. या धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली कोकणात उतरते आणि भिरा येथील केंद्रात १९२७ पासून वीज निर्माण करते. अशा केंद्रातले एखादे यंत्र दुरुस्त करायचे असेल, तर पाण्याची झडप बंद करतात. पाणी थांबले की चक्र थांबते आणि कामाला लागता येते.

अणुवीज केंद्रात विजेची जुनी उपकरणे बदलायची असतील, तर इतके सोपे वेळापत्रक चालत नाही. कारण अणुभट्टी बंद केली तरी तिला वीज लागतच राहते. हे कसे, ते आधी पाहू.

न विझणारे निखारे

अणुभट्टीत युरेनियमच्या अणुकेंद्रांचे विखंडन होऊन उष्णता निर्माण होते. नियंत्रक दांडे आत सरकवले की काही सेकंदांत विखंडनाची साखळी तुटते. मात्र विखंडनातून जन्मलेली नवी अणुकेंद्रे किरणोत्सर्गी असतात. त्यांचा ऱ्हास चालूच राहतो आणि त्यातून उष्णता बाहेर पडत राहते. चूल विझवल्यावर निखारे धगधगत राहावेत, तसेच हे आहे. फरक एवढाच, की निखारे पाणी ओतून विझवता येतात. किरणोत्सर्गी ऱ्हास कशानेही विझत नाही, तो आपल्या गतीनेच कमी होतो.

भट्टी बंद केल्याक्षणी ही अवशिष्ट उष्णता पूर्ण क्षमतेच्या सुमारे ६ ते ७ टक्के असते. तासाभराने ती साधारण दीड टक्क्यावर येते आणि एका दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. अर्धा टक्का म्हणजे किती? १६० मेगावॅट वीज देणाऱ्या भट्टीत उष्णता त्याच्या तिपटीहून अधिक, म्हणजे ५०० मेगावॅटच्या घरात निर्माण होते. तिचा अर्धा टक्का अडीच मेगावॅट झाला. एक किलोग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे २.२६ मेगाज्यूल उष्णता लागते. म्हणजे भट्टी बंद होऊन दिवस उलटला, तरी ती दर सेकंदाला एक किलोग्रॅमहून अधिक पाणी उकळून टाकू शकते. तासाला जवळजवळ चार टन! हे पाणी फिरते ठेवायला पंप हवेत आणि पंपांना वीज हवी.

म्हणूनच केंद्रात विजेच्या तीन फळ्या असतात. पहिली, बाहेरच्या वीजजाळ्यातून येणारा पुरवठा. तो तुटला तर डिझेल जनित्रे. ती सुरू होईपर्यंत, तसेच मोजमापाची उपकरणे आणि महत्त्वाच्या झडपा चालू ठेवण्यासाठी, बॅटऱ्यांचे संच.

फळ्या कोसळतात तेव्हा

उत्तर प्रदेशातील नरोरा येथे ३१ मार्च १९९३ रोजी पहिल्या संचाच्या टर्बाइनची पाती तुटली आणि आग लागली. डिझेल जनित्रे होती, पण त्यांची वीज वाहून नेणाऱ्या केबलच आगीत सापडल्या. सुमारे १७ तास त्या संचाला वीजपुरवठा नव्हता. कर्मचाऱ्यांनी आग विझवण्याचे डिझेलवरचे पंप वापरून पाणी पोहोचवले आणि संकट टळले. जपानमधील फुकुशिमात ११ मार्च २०११ रोजी असे घडले नाही. भूकंपानंतर भट्ट्या बंद झाल्या, जनित्रेही सुरू झाली. पण त्सुनामीचे पाणी जनित्रांत आणि वीजवाटपाच्या फलकांत शिरले आणि तीन भट्ट्यांचे इंधन वितळले.

दोन्ही घटनांतला धडा एकच. जनित्रांची संख्या पुरेशी नाही. ती आणि त्यांच्या केबल एकमेकांपासून अलग हव्यात. एका आगीने किंवा एका पुराने साऱ्यांचा घास घेता कामा नये.

तारापूरचे काम

तारापूरचे पहिले दोन संच ऑक्टोबर १९६९ मध्ये नियमित वीज देऊ लागले. भारतातले हे पहिले अणुवीज केंद्र. मूळ क्षमता प्रत्येकी २१० मेगावॅट होती, पुढे ती १६० करण्यात आली. त्या काळच्या रचनेनुसार दोन्ही संचांत काही यंत्रणा सामाईक होत्या. तीसेक वर्षांनंतर सुरक्षिततेचा नव्याने आढावा घेतला गेला, तेव्हा वीजपुरवठा संचवार वेगळा करणे आणि जुन्या डिझेल जनित्रांच्या जागी अधिक क्षमतेची तीन जनित्रे बसवणे, ही कामे ठरली.

अशी कामे वेळेच्या दृष्टीने तीन गटांत पडतात. पाया बांधणे, नवे फलक उभारणे, नव्या केबल टाकून ठेवणे ही कामे भट्टी चालू असतानाही होतात. काही कामे इंधन बदलण्यासाठी एक संच बंद असतो, तेव्हा उरकता येतात. पण सामाईक पुरवठा कापून दोन वेगळे करायचे, तर जुनी जोडणी सोडताना दोन्ही संचांना धक्का लागतो. तारापूरचे दोन्ही संच म्हणूनच ऑक्टोबर २००५ मध्ये एकाच वेळी बंद ठेवण्यात आले आणि २००६ च्या आरंभी पुन्हा सुरू झाले. त्या काळात महाराष्ट्रात गावोगावी भारनियमन होते. अशा टंचाईत ३२० मेगावॅट बाजूला ठेवायचे, म्हणजे एकेका दिवसाची किंमत मोठी. घाई करण्याचा मोह येथेच होतो.

घाईचा हिशेब

हा मोह वर्गात तपासून पाहता येईल. आकडे केवळ उदाहरणासाठी घेऊ. समजा अ, ब, क अशी तीन जनित्रे बदलायची आहेत. नियम असा, की कोणत्याही क्षणी दोन तरी सज्ज हवीत. प्रत्येकाच्या बदलास १८ दिवस आणि चाचणीस ३ दिवस लागतात. एकामागून एक केल्यास ६३ दिवस झाले.

कोणी सुचवील, ‘चाचण्या शेवटी एकदम करू, म्हणजे निदान सहा दिवस वाचतील.’ आता पाहा. ‘अ’ नवे बसले, पण तपासलेले नाही. ‘ब’ काढले. मग खात्रीने सज्ज किती उरली? फक्त ‘क’. कागदावर दोन, प्रत्यक्षात एक. नियम मोडला आणि तो मोडल्याचे कोणाच्या लक्षातही आले नाही. म्हणून वेळापत्रकात ‘बसवले’ आणि ‘सज्ज’ हे दोन वेगळे टप्पे मांडावे लागतात. पुढचे काम पहिल्यावर नव्हे, दुसऱ्यावर अवलंबून ठेवायचे असते.

नेहमीच्या बांधकामात कोणती कामे सर्वांत लवकर संपतील, हा पहिला प्रश्न असतो. येथे पहिला प्रश्न असतो, आज काय बंद करता येणार नाही? ते ठरले की उरलेल्या जागेत काम बसवायचे.

विद्यार्थ्यांना आणखी एक प्रश्न द्यावा. नियम सैल करून ‘एक तरी सज्ज हवे’ असा केला, तर किती दिवस लागतील? उत्तर ४२ येईल. मग त्यांना विचारावे, वाचलेल्या २१ दिवसांच्या बदल्यात आपण नेमके काय दिले? एकुलते उरलेले जनित्र त्या रात्री सुरू झाले नाही, तर पाणी कोण फिरवणार? या चर्चेतून वेळापत्रकामागचे विज्ञान मुलांना उमगेल.