'गॅस' : एका शब्दाची कुळकथा

'गॅसवर चहा ठेव', 'गॅस संपला, नंबर लावायला हवा', 'पोटात गॅस झालाय' ही वाक्ये ज्या घरात ऐकू येत नाहीत असे घर आज महाराष्ट्रात विरळाच. पहिल्या वाक्यात गॅस म्हणजे शेगडी, दुसऱ्यात सिलिंडर आणि तिसऱ्यात अपचन! लग्नाच्या वरातीत डोक्यावरून नेत त्या गॅसबत्त्या तर रॉकेलच्या होत्या. (अर्थात रॉकेलची आधी वाफ होऊन मगच ती जाळीत जळे, तेव्हा हे नाव अगदीच चुकीचे नव्हते.) पाठ्यपुस्तकात आपण 'वायू' लिहितो, पण बोलताना गॅसच म्हणतो. हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला हे खरे, पण तो मूळचा इंग्रजी नव्हे. तो एका माणसाने मुद्दाम घडवलेला आहे, आणि त्याची आजी ग्रीक पुराणात सापडते.

तो माणूस म्हणजे ब्रुसेल्सचा वैद्य यान बाप्टिस्ट व्हान हेल्मॉन्ट. तो १६४४ साली वारला. त्याचे बहुतेक लेखन चार वर्षांनी, १६४८ मध्ये, त्याच्या मुलाने छापले. त्यात एक प्रयोग आहे. ६२ पौंड ओक लाकडाचा कोळसा जाळला, तर राख उरली एक पौंड. मग उरलेले ६१ पौंड गेले कुठे? हवेत 'नाहीसे' झाले असे म्हणणे त्याला पटेना. ते एका अदृश्य पदार्थाच्या रूपाने निसटले, असे त्याने ठरवले. कोंडून तापवावे तर भांडे फुटते, उघडे ठेवावे तर हाती लागत नाही. म्हणून त्या पदार्थाला त्याने रानटी, म्हणजे न माणसाळणारा, असे विशेषण लावले. द्राक्षाचा रस आंबताना निघणारा आणि इटलीतील नेपल्सजवळच्या एका गुहेत तळाशी साचून कुत्र्यांना गुदमरवणारा पदार्थही हाच, हे त्याने ओळखले. आज आपण त्याला कार्बन डाय-ऑक्साइड म्हणतो. (त्याच्या हिशेबात एक गोम आहे. जळताना हवेतला ऑक्सिजन कोळशाला मिळतो, त्यामुळे निसटलेला वायू ६१ नव्हे, सुमारे २२० पौंड भरला असता. १२ भाग कार्बनपासून ४४ भाग कार्बन डाय-ऑक्साइड बनतो, हे लक्षात घेऊन आकडा पडताळून पाहा.)

याच व्हान हेल्मॉन्टने २०० पौंड कोरड्या मातीत पाच पौंडांचे विलोचे रोप लावून पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले आणि माती घटली जेमतेम दोन औंस. तेव्हा झाड निव्वळ पाण्यापासून बनते, असा निष्कर्ष त्याने काढला. खरे पाहता झाडाच्या लाकडातला कार्बन आला होता तो त्या रानटी वायूतूनच! ज्याने त्या वायूला प्रथम ओळखले, त्याच्याच बागेत तो वायू पाच वर्षे झाडात शिरत होता आणि त्याला पत्ता नव्हता. विज्ञानाच्या इतिहासात याहून चुटपुट लावणारा प्रसंग मला ठाऊक नाही.

आता नावाकडे वळू. या पदार्थाला आपण 'गॅस' म्हणतो आणि तो प्राचीनांच्या 'खाओस'पासून फार दूर नाही, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. डच भाषेत 'ग' हे अक्षर घसा खरवडून, जवळजवळ 'ख'सारखे उच्चारतात. म्हणजे त्याच्या तोंडी तो शब्द 'खास' असा काहीसा होता. 'भूत' या अर्थाच्या डच शब्दाशी 'गॅस'चे नाते जोडणारेही काही आहेत, पण खुद्द जन्मदात्याची साक्ष असताना दुसरीकडे कशाला जायचे?

खाओस म्हणजे काय? इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास हेसिअड या ग्रीक कवीने देवांची वंशावळ रचली. तीत सर्वांच्या आधी होतो तो खाओस, आणि त्यानंतर पृथ्वीदेवी गाया. या शब्दाचे मूळ 'आ वासणे' या अर्थाच्या धातूत आहे. हेसिअडचा खाओस म्हणजे गोंधळ नव्हे. तो आहे आ वासलेली पोकळी. पुढे सातशे वर्षांनी रोमन कवी ओव्हिडने खाओस म्हणजे सृष्टीपूर्वीचा, सारे काही एकात एक कालवलेला बेशिस्त गोळा असे वर्णन केले, आणि इंग्रजीत 'केऑस' झाला तो याच अर्थाने.

गॅस हा शब्द लगेच रुजला नाही. शंभरावर वर्षे रसायनशास्त्रज्ञ निरनिराळ्या 'हवा'च म्हणत राहिले. अठराव्या शतकाच्या अखेरीस लाव्हाझिएने तो आपल्या ग्रंथात वापरला. १८०७ मध्ये लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर कोळशाच्या गॅसचे दिवे लागले आणि शब्द घरोघरी गेला.

नाव बाकी विलक्षण चपखल बसले! तुमच्या समोरच्या एक घन सेंटिमीटर हवेत २५ वर १८ शून्ये इतके रेणू आहेत. ते सरासरी सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने धावतात आणि प्रत्येक रेणू सेकंदात अब्जावधी वेळा दुसऱ्यांवर आदळतो. हा झाला ओव्हिडचा गोंधळ. पण एक लिटर पाण्याची १०० अंश सेल्सिअसला वाफ केली तर ती सुमारे १,७०० लिटर जागा व्यापते. रेणू तेच, मग वाढले काय? मधली रिकामी जागा. म्हणजे हेसिअडची पोकळीही वायूत आहेच. व्हान हेल्मॉन्टला यातले काहीच ठाऊक असणे शक्य नव्हते. रेणूंच्या वेगांचे गणित मॅक्सवेलने मांडले ते १८६० मध्ये.

एकोणिसाव्या शतकातच बोल्ट्झमनने वायूंच्या गणितासाठी एक गृहीतक धरले : टक्कर होण्यापूर्वी दोन रेणूंच्या वेगांचा एकमेकांशी संबंध नसतो. आजच्या पुस्तकांत त्याला 'मॉलिक्युलर केऑस' म्हणतात. आजी आणि नात अशा एकाच प्रकरणात येऊन बसल्या. १९७५ मध्ये ली आणि यॉर्क यांनी 'केऑस' हा शब्द गणितात आणला तो मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी. तिथे नियम पक्के असतात, तरीही आरंभीच्या बारीकशा फरकाने पुढचे भाकीत कोलमडते. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

जाता जाता आणखी एक. व्हान हेल्मॉन्टने 'गॅस'च्या जोडीला 'ब्लास' असाही एक शब्द घडवला होता, ताऱ्यांपासून येणाऱ्या आणि वारा, हवामान यांना हलवणाऱ्या प्रेरणेसाठी. तो शोधायचा तर फार जाडजूड इंग्रजी शब्दकोश काढावा लागेल.