लक्ष्या घाबरायचा तेव्हा

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ 1993 साली आला. खालापूर तालुक्यातल्या कुंभिवलीसारख्या गावांतल्या बहुतेक पोरांनी तो पाहिला भाड्याच्या व्हीसीआरवर. गणपतीत वर्गणी काढून टीव्ही, व्हीसीआर आणि तीन-चार कॅसेट एका रात्रीपुरत्या आणायच्या, देवळासमोर नाहीतर कुणाच्या पडवीत संच मांडायचा आणि उजाडेपर्यंत पिक्चर बघायचे, ही घाटाखालच्या गावांची तेव्हाची रीत. मारधाडीचा एक, दादा कोंडके यांचा एक आणि तिसरा लक्ष्याचा, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे यांचा. ‘झपाटलेला’तला बाहुला, तात्या विंचू, डोळे फिरवायला लागला की पुढे बसलेली पोरं मागे सरकून मोठ्यांच्या मांडीला टेकायची. नंतर कित्येक दिवस घरातली बाहुली भिंतीकडे तोंड करून ठेवली जायची.

ही पिढी आता चाळिशीत आहे. तिच्या फोनवर तात्या विंचू स्टिकर होऊन येतो. त्याचे संवाद तिला पाठ आहेत, त्याच्यावरचे विनोद ती रोज एकमेकांना पाठवते. मात्र ‘झपाटलेला’च्या तिसऱ्या भागाचा विषय निघाला की याच मंडळींचा सूर उतरतो. नको, पहिलाच राहू दे, असं पुष्कळ जण म्हणतात. लहानपणी जीव टाकलेल्या पिक्चरबद्दलचा उत्साह असा का ओसरला, हे समजून घ्यायला तीस-चाळीस वर्षं मागे जावं लागतं.

कोठारे स्वतः बालकलाकार होते. ‘छोटा जवान’ आणि ‘राजा और रंक’मधला तो मुलगा 1985 साली ‘धुमधडाका’ घेऊन दिग्दर्शक म्हणून उभा राहिला. मग 1987 मध्ये ‘दे दणादण’, 1989 मध्ये ‘थरथराट’, 1990 मध्ये ‘धडाकेबाज’. कौटुंबिक विनोद आणि तमाशापट यांच्या पलीकडे मराठी पडद्यावर अचाट शक्ती, बाटलीतला माणूस, कवटीचा मुखवटा घातलेला खलनायक असलं काही दिसू शकतं, हे या मालिकेने पोरांना दाखवून दिलं. पात्रांची नावं बदलत, गोष्टी बदलत, पण लक्ष्मीकांत बेर्डे आणि महेश कोठारे ही जोडी कायम. एकाच मोठ्या पिक्चरचे हे भाग आहेत, असंच मुलं मानायची. शनिवारी संध्याकाळी मुंबई दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागायचा, त्यात यांपैकी एखादा असला की गल्ली ओस पडायची.

‘झपाटलेला’ची कल्पना अमेरिकेतून आली होती. 1988 च्या ‘चाइल्ड्स प्ले’मध्ये मरता मरता एक खुनी मंत्र म्हणतो आणि त्याचा आत्मा चकी नावाच्या बाहुल्यात शिरतो. पुढे हे साम्य सगळ्यांना कळलं आणि मराठी पिक्चर उचलेगिरीचा म्हणून नाक मुरडण्याचीही एक लाट येऊन गेली. तो राग फारसा न्याय्य नव्हता. कोठाऱ्यांनी गोष्टीत केलेला एक बदल फार मोलाचा आहे. मूळ चित्रपटात बाहुला सहा वर्षांच्या अँडीच्या मागे लागतो. मराठीत अँडीच्या जागी लक्ष्या बोळके हा बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा, आईच्या धाकातला, वाढलेला माणूस आला. बाहुला जिवंत आहे असं तो जीव तोडून सांगतो आणि कुणाचाही त्याच्यावर विश्वास बसत नाही. आपण खरं बोलत असताना मोठी माणसं हसतात, हा अनुभव प्रत्येक पोराला असतोच. पडद्यावर तो एक मोठा माणूस भोगत होता, म्हणून मुलं त्याच्या बाजूने उभी राहिली.

बाहुला केला होता रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांचा अर्धवटराव महाराष्ट्राच्या ओळखीचा होता, आणि लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससाही रामदास पाध्ये यांच्याच हातचा. म्हणजे तात्या विंचू आला तेव्हा पाध्यांच्या बाहुल्या मुलांनी आधी पाहिलेल्या होत्या. बाहुल्याच्या आत हात असतो, आवाज दुसऱ्याचा असतो, हे त्यांना माहीत होतं. तरी ती घाबरली. इथे शब्दभ्रमाच्या खेळाचं मर्म आहे. शब्दभ्रमकार बाहुल्याशी बोलतो, त्याच्यावर चिडतो, त्याच्यापुढे ओशाळतो. समोरच्या माणसाने खरं मानलं की प्रेक्षकही मानतो. दिलीप प्रभावळकर यांच्या आवाजाने तात्याला धार दिली, पाध्यांच्या कारागिरीने हालचाल दिली, आणि जीव दिला तो समोर उभ्या असलेल्या लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या घाबरण्याने. त्यांची फाटलेली नजर, अडखळणारी जीभ, पळायचं की बोलायचं हे न ठरणारे हातपाय पुन्हा पाहावेत. विनोद आणि भीती एकाच चेहऱ्यावर एकाच वेळी धरून ठेवणारा असा नट मराठीत विरळा.

16 डिसेंबर 2004 रोजी लक्ष्मीकांत बेर्डे गेले. वय फक्त 50.

तोवर चित्रपट बघण्याची रीतही पालटली होती. 1999 मध्ये अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली, पाठोपाठ ईटीव्ही मराठी आली, आणि कधीतरी रात्रभर जागून मिळणारा पिक्चर दर महिन्याला घरबसल्या मिळू लागला. पुढे यूट्यूब आलं, चित्रपटाचे तुकडे झाले. तुकडा म्हणून काय टिकतं? संवाद टिकतो, चेहरा टिकतो. भीतीला मात्र दीड तासाची चढण लागते. ती दोन मिनिटांत मावत नाही. चाहते एकमेकांशी जितकं जास्त बोलत गेले तितका तात्या लाडका होत गेला. टी-शर्टवर आला, वाढदिवसाच्या शुभेच्छांत आला. ज्याच्या भीतीने झोप उडायची, त्याचं आता फक्त कौतुक उरलं.

अशात 7 जून 2013 रोजी ‘झपाटलेला 2’ प्रदर्शित झाला. पहिला मराठी थ्रीडी चित्रपट म्हणून त्याचा गाजावाजा झाला आणि त्यात अभिमान वाटण्यासारखं होतंच. ‘धडाकेबाज’ सिनेमास्कोपमध्ये करणाऱ्या कोठाऱ्यांनी तंत्राची हौस कधी सोडली नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये खालापूर तालुक्यातच, खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका हे मनोरंजन उद्यान सुरू झालं होतं आणि तिथे 1987 च्या ‘मिस्टर इंडिया’वर बेतलेली एक राइड होती. कर्जतजवळ नितीन देसाई यांचा एन. डी. स्टुडिओ 2005 पासून उभा होता. ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेचं चित्रीकरण तिथलं. व्हीसीआरची वाट पाहणाऱ्या या पट्ट्याच्या उंबरठ्यावर सिनेमाच येऊन बसला होता. थ्रीडी चष्मा लावायला मंडळी हौसेने गेली.

दुसऱ्या भागाच्या गोष्टीत लक्ष्या हयात नाही. तात्या त्याच्या मुलाच्या, आदित्यच्या मागे लागतो. ही भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली. मकरंद अनासपुरे, सई ताम्हणकर, सोनाली कुलकर्णी असा तगडा संच होता, आवाज प्रभावळकरांचाच, मधू कांबीकरही परतल्या. बाहुला पूर्वीपेक्षा सफाईदार. उणीव होती ती त्याच्यासमोरच्या घाबरण्याची. अनासपुरे यांचा विनोद वेगळ्या जातीचा. तो परिस्थितीवर बोट ठेवणारा, तिच्यापुढे कोसळणारा नव्हे. आदिनाथ देखणा, धीट नायक. तात्या पडद्याबाहेर हात लांबवत अंगावर आला आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मागे कुणी सरकलं नाही.

योगायोग असा की चकीचाही नवा भाग, ‘कर्स ऑफ चकी’, 2013 सालचाच. मधल्या काही भागांत चकी बराचसा विनोदी झाला होता. मूळ कथाकार डॉन मॅन्सिनी यांनी या भागात त्याला एका बंद घरात, मोजक्या माणसांत आणून पुन्हा भयाकडे वळवलं. आवाज पहिल्यापासूनचाच, ब्रॅड डूरिफ यांचा. तिकडेही चाहते थकले होते. खलनायक लाडका झाला की गोष्ट ढिली पडते, हे ओळखून तिथे पुन्हा भीतीपासून सुरुवात केली गेली. ‘झपाटलेला 2’ने लाडक्या तात्याचा सोहळा मांडला.

‘अशी ही बनवाबनवी’कडे पाहिलं तर फरक आणखी कळतो. 1988 चा हा चित्रपट, ‘बीवी और मकान’ या 1966 च्या हिंदी चित्रपटावर बेतलेला. त्याचेही संवाद झिजेपर्यंत वापरले जातात, त्याचेही टी-शर्ट निघाले. त्याचं प्रेम ओसरलेलं नाही. तिथे भीती राखायची नव्हती. विनोद तुकड्यातही विनोदच राहतो. ‘झपाटलेला’चं नुकसान जास्त झालं, कारण तो निम्मा भयपट होता.

आता तिसऱ्या भागाबद्दल कोठारे बोलले आहेत, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने लक्ष्मीकांत बेर्डे यांना पडद्यावर परत आणण्याचा विचारही त्यांनी बोलून दाखवला आहे. त्यामागची माया खरी आहे. दोघांनी मिळून एक आख्खं युग उभं केलं, त्या मित्राला पुन्हा चौकटीत पाहावंसं वाटणं स्वाभाविक आहे. चाहत्यांच्या अंगावर काटा येतो तो वेगळ्या कारणाने. मेलेल्याने दुसऱ्याच्या देहात शिरू नये, म्हणून तर लक्ष्या पहिल्या भागात जिवाच्या आकांताने धडपडत होता. त्याच मालिकेत त्याचा चेहरा यंत्राने बनवलेल्या देहावर दिसणं मनाला पटत नाही. शिवाय बेर्डे यांचं घाबरणं त्या त्या क्षणी, समोरच्या बाहुल्याकडे पाहून सुचलेलं असायचं. जुन्या चित्रफितींतून चेहरा मिळेल, ती सुचण्याची जागा मिळणार नाही.

तिसरा भाग व्हायचाच असेल तर तो असा व्हावा: बाहुला पाध्ये कुटुंबाच्या हाताने चालणारा, गाव छोटं, रात्र लांब, आणि समोर एखादा नवा, फारसा कुणाला ठाऊक नसलेला नट. नाटकांतून, एकांकिकांतून असे पोरगे दरवर्षी पुढे येतात. बेर्डेही ‘टुरटुर’सारख्या नाटकातूनच आले होते. त्याला लक्ष्या व्हायला सांगू नये. फक्त त्या बाहुल्याला घाबरायला सांगावं.